शालोम: तीन लिप्या आणि एक पत्रा

(प्लेनो येथील रविवारच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे, ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



आपल्या सभागृहाच्या दर्शनी भिंतीवर पोलादी पत्र्यात कापलेला फलक बसवावा, त्यावर 'शालोम' हा एकच शब्द हिब्रू, मराठी आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांत असावा, आणि रात्री मागच्या दिव्याचा उजेड अक्षरांतून बाहेर यावा, असा विचार काही महिन्यांपासून चालला आहे. त्याचे कच्चे चित्र आपणांसमोर ठेवले, तेव्हा बहुतेकांनी एकच प्रश्न केला : ही अक्षरे जागोजागी तुटलेली का आहेत? एका आजीबाईंनी तर स्पष्टच म्हटले, की आपल्या नातवंडांना अखंड मराठी अक्षर ओळखण्याची मारामार. त्यांच्यापुढे तुटके अक्षर कशाला ठेवता?

प्रश्न रास्त आहे. फलकांची अक्षरे रेखाटणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे त्याचे उत्तर देण्याचे काम माझ्याकडे आले. माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकते. पत्र्यातून आरपार कापलेल्या अक्षरात खंड असणे हा दोष नाही. तो अटळ आहे. दोष असतो तो खंड चुकीच्या ठिकाणी असण्यात. आणि चुकीचे ठिकाण कोणते, हे प्रत्येक लिपी आपापल्या नियमाने ठरविते. इंग्रजीचा नियम हिब्रूला लावला, किंवा हिब्रूचा मराठीला लावला, तर शब्द बदलतो. आपल्या फलकावर हा धोका खरोखरच आहे.

बेट आणि पूल

अक्षर उमटविण्याच्या दोन रीती आपणांस घरच्याच ठाऊक आहेत. एक ठशाची. ठशावर अक्षर उंच असते, त्याला शाई लागते आणि ते कागदावर उमटते. दुसरी रीत रांगोळीच्या छाप्याची. तेथे नक्षी म्हणजे पत्र्यातील भोके. रांगोळी भोकांतून खाली पडते आणि नक्षी जमिनीवर उठते. ज्याला आपण स्टेन्सिल म्हणतो, तो या दुसऱ्या जातीचा साचा. त्यात अक्षर म्हणजे वस्तू नव्हे, तर वस्तूतील रिकामी जागा.

आता पुठ्ठ्याच्या तुकड्यावर शून्य काढा आणि त्याची रेघ कात्रीने पूर्ण कापा. काय होईल? शून्याच्या पोटातील गोल तुकडा कशालाही जोडलेला राहणार नाही. तो गळून पडेल. हाती उरेल ते शून्य नव्हे, एक मोठे भोक. पोटातल्या या तुकड्याला आपण बेट म्हणू. बेट जागेवर राहावे यासाठी पुठ्ठ्याची एखादी अरुंद पट्टी न कापता ठेवावी लागते. तिला पूल म्हणू. पत्र्याच्या बाजूने पाहिले तर तो पूल असतो; अक्षराच्या बाजूने पाहिले तर तोच खंड असतो. एवढे एक ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे सारे सोपे आहे.

इंग्रजीत 'शालोम' लिहिताना सहा अक्षरे लागतात. त्यांपैकी दोनच बंदिस्त पोटाची आहेत : 'ए' आणि 'ओ'. त्या दोघांना पूल दिले की काम भागते. 'ओ' वर आणि खाली तुटला, तरी त्याला दुसरे कोणतेही अक्षर समजण्याची फारशी भीती नाही. म्हणूनच ज्यांनी केवळ इंग्रजी फलक कापले आहेत, त्या कारागिरांना हा सारा प्रश्न किरकोळ वाटतो.

तालमूदातील मेम आणि सामेख

बेट गळून पडण्याची ही अडचण आपल्या पूर्वजांच्या नजरेतून सुटली नव्हती. निर्गमाच्या ३२व्या अध्यायात असे सांगितले आहे, की मोशेच्या हातांतील पाट्यांवर दोन्ही बाजूंनी लेख होता. लेख दगडाच्या आरपार कोरलेला होता, असा त्याचा अर्थ घेतला गेला. मग लगेच प्रश्न उभा राहतो : ज्या अक्षरांचे पोट चारी बाजूंनी बंद आहे, त्यांच्या पोटातील दगड पडला कसा नाही? बाबिलोनी तालमूदाच्या शाब्बाथ या ग्रंथात, १०४व्या पानावर, राब हिस्दा यांचे उत्तर नोंदलेले आहे : पाट्यांवरील मेम आणि सामेख ही अक्षरे चमत्काराने उभी होती. येथील मेम म्हणजे शब्दाच्या शेवटी येणारा बंद मेम. हिब्रू वर्णमालेत पूर्ण बंद पोटाची अक्षरे एवढी दोनच. आणि नेमकी तीच त्यांनी निवडली.

यरुशलेमी तालमूद मेगिल्ला ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात आणखी एक पाऊल पुढे जातो. तोरा प्राचीन हिब्रू लिपीत दिली गेली असे मानणाऱ्याच्या मते चमत्कार आइन या अक्षराचा. आजच्या चौकोनी अश्शूरी लिपीत दिली गेली असे मानणाऱ्याच्या मते चमत्कार सामेखचा. कारण प्राचीन लिपीत आइन हा वर्तुळाकार होता. लिपी बदलली की बेट दुसऱ्या अक्षरात जाते, ही गोष्ट आपल्या विद्वानांनी किती नेमकी हेरली होती, हे यावरून कळते. आपण चमत्कारावर विसंबून पत्रा कापू शकत नाही. आपल्याला पूल बांधावे लागतात.

कापसाच्या गाठीपासून छापखान्यापर्यंत

ही रीत व्यवहारात रुजली ती मालावर खुणा करण्याच्या गरजेतून. पिंप, खोका, पोते, कापसाची गाठ यांवर मालकाचे चिन्ह, गाठीचा क्रमांक आणि जाण्याचे बंदर लिहावे लागे. साचा ठेवून कुंचला फिरविला की अक्षरओळख नसलेला हमालही शेकडो गाठींवर एकसारखी खूण उठवू शके. आपण राहतो त्या प्लेनोच्या भोवतालची काळी माती ही कापसाची माती. महाराष्ट्रातील आपल्या काळ्या रेगुर मातीची ती सख्खी बहीण शोभावी. येथे १८७२ साली लोहमार्ग आला, १८७३ साली गावाला नगराचा दर्जा मिळाला, आणि या पट्ट्यातील कापूस गाडीने बाहेर जाऊ लागला. त्यापूर्वी दहा वर्षे, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे येथला कापूस इंग्लंडला पोहोचेनासा झाला, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले होते. दोन्ही बंदरांतल्या गाठींवर अक्षरे होती ती याच जातीची : जाड, ठसठशीत आणि मध्येच तुटलेली.

विसाव्या शतकात हे रूप गोदामातून छापखान्यात शिरले. जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत जोसेफ आल्बर्स यांनी १९२६च्या सुमारास चौकोन, त्रिकोण आणि पाव वर्तुळ एवढ्याच आकारांतून साच्याची अक्षरे जुळविली. १९२९ साली पाउल रेनर यांचा फ्युचुरा ब्लॅक आला. त्यात प्रत्येक अक्षर दोन-तीन जाड ठोकळ्यांचे आहे आणि मधली फट हीच त्याची ओळख आहे. १९३१ साली यान चिकोल्ड यांचा ट्रान्झिटो आला. अमेरिकेत १९३७ साली एकाच उन्हाळ्यात 'स्टेन्सिल' याच नावाचे दोन टंक निघाले : एक रॉबर्ट हंटर मिडलटन यांनी लडलो कंपनीसाठी केला, दुसरा गेरी पॉवेल यांनी अमेरिकन टाइप फाउंडर्ससाठी. दुसऱ्यात केवळ मोठी अक्षरे आहेत. पुढे सैन्याच्या खोक्यांची आठवण करून द्यायची असली, की चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिका याच घाटाच्या अक्षरांचा आश्रय घेऊ लागल्या.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. शिशाच्या खिळ्याला पुलाची गरज नसते. त्याच्या पोटातून काहीही गळून पडत नाही. छापखान्यातील या टंकांत खंड राहिला तो केवळ शोभेसाठी आणि आठवणीसाठी. गरज संपली, रूप उरले. म्हणून संगणकावरील प्रत्येक 'स्टेन्सिल' टंक पत्रा कापण्यास योग्य असेलच असे नाही. काहींतले खंड इतके बारीक असतात, की पत्र्यात ते टिकणार नाहीत. आपल्या फलकाला मात्र पुलाची खरी गरज आहे.

ठळकपणा कशासाठी

अशी अक्षरे जाडच का करतात, असेही काहींनी विचारले. त्याचे कारण हिशेबाचे आहे. समजा, अक्षराची उंची १२ इंच आहे आणि पूल अर्ध्या इंचाचा आहे. अक्षराची रेघही अर्ध्या इंचाची असेल, तर रेघेइतकाच खंड पडून अक्षराचे तुकडे दिसू लागतील. तीच रेघ अडीच इंच जाड केली, तर अर्ध्या इंचाचा खंड डोळा सहज ओलांडतो आणि अक्षर एकसंध वाचले जाते. पुलाची रुंदी निदान पत्र्याच्या जाडीइतकी तरी असावी, त्याहून कमी नको. नाहीतर कापताना उष्णतेने तो वाकतो.

आपल्या फलकाला आणखी एक बाब लागू आहे. मागून दिवा लावला की उजेड फटीच्या कडांवरून पसरतो आणि दिवसा स्पष्ट दिसणारा पूल रात्री बारीक भासतो. म्हणून उजेडाच्या फलकात पूल थोडे अधिक रुंद, आणि त्या मानाने रेघ थोडी अधिक जाड ठेवावी. दुरून वाचण्यासाठी साधारण प्रत्येक १० फुटांना एक इंच उंची धरण्याची रीत आहे. वाहनतळाच्या दूरच्या टोकापासून आपली भिंत जवळपास ८० फुटांवर आहे. तेव्हा ८ इंच ही किमान उंची झाली. खंडित अक्षरांसाठी मी १२ इंच धरले आहेत.

जाडपणाला मर्यादाही आहे. रेघ वाढली की पोट लहान होते. देवनागरीत ही मर्यादा कोठवर नेता येते, हे पाहायचे असेल तर मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मोदक' हा टंक पाहावा. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी तो रेखाटला. त्यात अक्षराचे अंग इतके भरलेले आहे, की पोटाच्या जागी केवळ पांढऱ्या चिरा उरतात, आणि तरीही अक्षर वाचता येते. मराठी रंगभूमीच्या जाहिराती वाचत आलेल्या वडीलधाऱ्यांना कमल शेडगे यांची हाताने काढलेली नाटकांची शीर्षकेही आठवत असतील. अक्षर कितीही वळविले, फुगविले, कापले, तरी त्याची ओळख ज्या एका वळणात आहे ते वळण त्यांनी कधी हरवू दिले नाही. साच्याच्या अक्षरातही शोधायचे ते हेच : ओळख कोठे आहे, आणि कोठे कापले तर ती जाणार नाही.

हिब्रू : खंडालाच अर्थ

आता आपला शब्द घेऊ. हिब्रूत 'शालोम' चार अक्षरांत लिहितात : शीन, लामेद, वाव आणि बंद मेम. पहिली तिन्ही मोकळी आहेत. त्यांना पूल नकोत. शीनच्या तीन भुजांमध्ये पत्र्याच्या दोन जिभा वरून खाली उतरतात, त्या पुरेशा रुंद ठेवल्या म्हणजे झाले. राहिला मेम, राब हिस्दांच्या चमत्काराचा.

मेमला पूल कोठे द्यावा? खाली डाव्या कोपऱ्यात दिला, तर बंद मेमचा उघडा मेम होतो. तो शब्दाच्या आरंभी किंवा मध्ये येणारा. नहेम्याच्या दुसऱ्या अध्यायात, यरुशलेमच्या पडक्या तटांच्या वर्णनात, शब्दाच्या शेवटी उघडा मेम लिहिण्याची परंपरा आहे. त्या उघड्या कोपऱ्यात खिंडारे पडलेल्या तटाचे चित्र पाहिले जाते. आपल्या दारावरच्या शालोमला खिंडार पडलेले आपणांस नको. खालचे दोन्ही कोपरे छाटून गोल केले, तर त्याच मेमचा सामेख होतो. म्हणून कोपरे चौकोनी आणि अखंड ठेवावेत. एक पूल छताच्या मध्यावर आणि एक तळाच्या मध्यावर द्यावा. एकाच पुलावर बेट टिकते, पण वाऱ्याने थरथरते. दोन पुलांवर ते स्थिर राहते.

हिब्रूत खंडाला स्वतःचा अर्थ आहे. हे या अक्षराचा डावा पाय छताला टेकत नाही. टेकला की ते हेथ होते. म्हणजे तेथील फट हा अक्षराचाच भाग आहे. मुलांनी सुक्कासाठी 'हग सामेआह' अशी पताका पुठ्ठ्यातून कापायची ठरविली, आणि सोय म्हणून हेथच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात खंड ठेवला, तर हेथ जाऊन हे उरेल. हेथला तर बेटच नाही. त्याला पूल देण्याचे कारणही नाही. शाब्बाथ ग्रंथाच्या त्याच १०४व्या पानाच्या मागील बाजूस याचा उलट दाखला आहे. शाब्बाथच्या दिवशी लिहिणे वर्ज्य; पण कोणी हेथचे छत खोडून दोन झाइन केले, किंवा दालेतचा कोपरा उडवून रेश केला, तर तेही लिहिण्यातच मोडते. काढून टाकणे हेही लेखन असू शकते, हे साच्याच्या कामाचे मूळ तत्त्व तेथे सांगितलेले आहे.

सेफेर तोरा वेगळा, फलक वेगळा

काही जणांनी विचारले, की तुटलेले हिब्रू अक्षर वापरणे धर्माला धरून आहे काय? येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. सेफेर तोरा, तेफिलीन आणि मेझुझा यांत अक्षर अखंड असलेच पाहिजे. तुटलेले अक्षर चालत नाही. शिवाय अक्षर लिहिण्याच्या क्रियेनेच घडले पाहिजे. भोवतालचा भाग खरवडून अक्षर उरविणे तेथे मान्य नाही. गिट्टीन ग्रंथाच्या २०व्या पानावर लिहिणे आणि कोरणे यांतील या भेदाची चर्चा आहे. म्हणून साच्याने तेथे काही करता येत नाही, आणि करूही नये.

तोरामध्ये मुद्दाम तुटलेले लिहिले जाणारे एक अक्षर मात्र प्रसिद्ध आहे. गणनाच्या २५व्या अध्यायात, पिनहासला दिलेल्या शांतीच्या कराराच्या वचनात, 'शालोम' या शब्दातील वाव मध्येच खंडित लिहितात. म्हणजे आपण निवडलेला शब्द नेमका तोच. आपल्या फलकावर मात्र वावला खंड देण्याचे कारण नाही, कारण त्याला पोट नाही. तो मान सोफेरच्या लेखणीचा. तेथे तो परंपरेने येतो, येथे तो उगाच आलेला दिसेल.

भिंतीवरचा फलक ही पवित्र गुंडाळी नव्हे, तेव्हा त्यावर खंडित अक्षर असण्यास सामान्यतः अडचण नसते. परमेश्वराची नावे मात्र फाटणाऱ्या, फेकल्या जाणाऱ्या साच्यांवर आणि पताकांवर कापू नयेत. 'शालोम' या शब्दाविषयीही मंजुरीपूर्वी आपल्या राब्बींचे मत घ्यावे, असे मी समितीला सुचविले आहे.

मराठी : शिरोरेखेची कसोटी

आता मराठीकडे येऊ. सर्वांत अवघड काम येथेच आहे. आपल्या समाजाने या दोन लिप्या एका पानावर फार पूर्वीपासून नांदविल्या. १८४६ साली मुंबईत शिळाप्रेसवर आणि १८७४ साली पुण्यात छापलेल्या हग्गादांत हिब्रू मजकुराबरोबर मराठी भाषांतर आहे. एक लिपी उजवीकडून चालते, दुसरी डावीकडून. तरी पान एकच. कागदावर मात्र पोटातून काही गळत नव्हते. पत्र्यावर गळते.

देवनागरीत बंद पोटे पुष्कळ : व, ब, प, ष, म, ठ, ळ. त्यांत शिरोरेखेची भर. पत्र्यात शिरोरेखा म्हणजे एक लांब आडवी चीर, आणि प्रत्येक दंड म्हणजे तिला काटकोनात मिळणारी उभी चीर. दोन दंडांच्या मधला पत्रा वरून सुटतो आणि केवळ खालून धरलेल्या जिभेसारखा उभा राहतो. 'शालोम' या शब्दात चार दंड आहेत : शचा, त्याच्या कान्याचा, लोच्या कान्याचा आणि मचा. पूर्ण शिरोरेखा अखंड कापली, तर या जिभा वाकतील आणि टेक्ससच्या वाऱ्यात वाजतील. म्हणून शिरोरेखेवरही पूल हवेत. आपल्या शेजारच्या देशाचे उदाहरण देते. श्रीलंकेतील मूनियाक या संस्थेने 'स्टिक नो बिल्स' नावाचा साच्याच्या धाटणीचा टंक सिंहली आणि इंग्रजी लिप्यांसाठी केला आहे. सिंहलीला शिरोरेखा नाही. त्यामुळे तेथील तोडगा आपण जसाच्या तसा उचलू शकत नाही.

मग शिरोरेखा कोठे तोडावी? येथेच धोका आहे, कारण देवनागरीतही हिब्रूप्रमाणे खंडाला अर्थ आहे. घ आणि ध, म आणि भ यांना वेगळे ओळखताना आपला डोळा शिरोरेखा डावीकडे जोडलेली आहे की सुटलेली, हे पाहतो. 'घर'मधील घच्या डोक्यावर डावीकडे खंड दिला, तर 'धर' वाचले जाईल. आपल्या शब्दात मच्या डाव्या अंगाला शिरोरेखा तुटली, तर 'शालोम'चे 'शालोभ' होईल, आणि शांतीच्या फलकावर शेवटी लोभ उरेल! एका फलक-दुकानातून आलेल्या पहिल्या नमुन्यात नेमका तेथेच खंड होता. कापणाऱ्याला मराठी येत नव्हते. त्याने पुलाची सोय तेवढी पाहिली होती.

यावर मी योजलेला उपाय असा. शिरोरेखेवरचे खंड अक्षराच्या डोक्यावर न देता दोन अक्षरांच्या सीमेवर द्यायचे : शा, लो, म. म सुरू होताच त्याची शिरोरेखा दोन्ही खांबांवर अखंड राहील. मच्या पोटातील बेटासाठी पूल द्यायचा तो खालच्या आडव्या रेघेवर, ती दंडाला मिळते त्या जागी. तेथे खंड पडला तरी म हा मच राहतो. खालची डावी गाठ ठळक वजनात भरीव ठेवायची, म्हणजे तेथे नवे बेट तयार होत नाही. श, ग आणि ण यांचा दंड डाव्या भागाला केवळ शिरोरेखेने जोडलेला असतो, म्हणून त्यांच्या डोक्यावर मध्येच खंड कधीही देऊ नये. दंड सुटला तर तो कान्यासारखा वाचला जातो.

मुलांनी पताका कापताना आणखी दोन अक्षरांना जपावे. ठचे वर्तुळ उजवीकडे उघडले, तर ट वाचला जातो. हन्नुकाचे 'आठ दिवस' लिहायचे आणि 'आट' उमटायचे. तेथे खंड वर आणि खाली द्यावा. दुसरे अक्षर ख. त्याचे खालचे जोड तुटले की 'रव' दिसते, आणि 'खाना'चे 'रवाना' होते. प्रमाण ख खाली जोडून लिहिण्याची रीत याच घोटाळ्यामुळे रुजली.

आणखी एक मुद्दा रूपांचा. 'शालोम' या शब्दात श आणि ल ही दोन्ही अक्षरे आहेत, आणि नेमकी तीच मराठीत आणि हिंदीत निराळ्या वळणाने लिहितात. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल ही मराठीची प्रमाण रूपे ठरविली. संगणकात दोन्ही रूपांचा संकेतांक एकच असतो. कोणते रूप दिसावे हे टंक आणि निवडलेली भाषा ठरविते. येथील दुकानदार जो टंक उघडेल, त्यात बहुधा हिंदी रूप येते. ते अशुद्ध नाही, पण आपल्या आजीने पाटीवर गिरवून घेतलेले ते नव्हे. नातवंडे रोज पाहतील ते अक्षर मराठी वळणाचे असावे, असा माझा आग्रह आहे. पाकळीच्या आतली जागा ठळक वजनात अरुंद होते, म्हणून लची रुंदी इतर अक्षरांपेक्षा थोडी अधिक धरली आहे.

मंजुरीपूर्वी काय तपासावे

शेवटचा नमुना येईल तेव्हा मी गावात असेन किंवा नसेन. तेव्हा समितीने पुढील गोष्टी स्वतः पाहाव्यात. हिब्रू शब्द उजवीकडून वाचून पाहावा. बंद मेम डाव्या टोकाला असला पाहिजे; तो उजव्या टोकाला दिसला, तर यंत्राने क्रम उलटा केला आहे, हे हिब्रू न येणाऱ्यालाही कळेल. मेमचे चारही कोपरे जोडलेले आहेत ना, ते पाहावे. वावला खंड नसावा. मराठी शब्दात लोची मात्रा कान्याच्या डोक्यावर आहे ना, ती सुटून पुढे-मागे गेलेली नाही ना, ते पाहावे. मवरची शिरोरेखा डावीकडे अखंड हवी. श आणि ल मराठी वळणाचे हवेत. पूल तिन्ही लिप्यांत एकाच रुंदीचे हवेत, म्हणजे तीन शब्द एका हाताचे वाटतील.

त्यानंतर नमुना खऱ्या मापाच्या कागदावर छापून भिंतीला लावावा, आणि वाहनतळाच्या टोकाला उभे राहून एखाद्या लहान मुलाकडून वाचून घ्यावा. त्याने 'शालोम' वाचले तर पत्रा कापायला द्यावा. तो अडखळला, तर कोणत्या अक्षरापाशी अडखळला ते टिपून घ्यावे आणि तेवढाच पूल हलवावा. कागदावर पूल हलविणे हे अर्ध्या तासाचे काम. पोलादात एकदा पडलेला खंड पुन्हा भरता येत नाही.

आजीबाईंच्या प्रश्नाचे उत्तर मी असे देईन. मुलांना तुटके अक्षर दाखवू नका, हे खरेच. पण विचाराने दिलेला खंड मुलाला अक्षर अधिक निरखून पाहायला लावतो : येथे का तुटले, तेथे का नाही, म आणि भ यांत फरक कशाचा, हे आणि हेथ यांत कशाचा. तो प्रश्न त्याने फलकाखाली उभे राहून आपणांस विचारला, तर उत्तर देण्याची आपली तयारी असावी. त्यासाठी पुढच्या रविवारी मुलांना पुठ्ठा, बोथट टोकाची कात्री आणि खडू देऊन प्रत्येकाकडून आपापल्या नावाचे साचे कापून घेण्याचा बेत आहे. ज्यांच्या नावात म, ठ किंवा व आहे, त्यांना बेटाची अडचण स्वतःच्या हातांनी कळेल. पालकांनी घरून जाड पुठ्ठ्याची खोकी आणावीत, ही विनंती.

 शालोम.